रंगवलेली डायल: ऑनलाइन जुनं घड्याळ घेण्याआधीच्या तपासण्या

जुन्या घड्याळाचं मशीन बिघडलेलं असेल तर फारसं बिघडत नाही. ते खोलून धुता येतं, तेल घालता येतं, तुटलेला भाग दुसऱ्या मशीनमधून काढून बसवता येतो. काच बदलते, चावी बदलते, पट्टा तर बदलायचाच असतो. डायलचं तसं नाही. कारखान्यातली छपाई एकदा खरवडून वर नवा रंग मारला, की मूळ डायल संपली. ऑनलाइन घेतलेली घड्याळं 'चालत नाही, बघ जरा' म्हणून माझ्या टेबलावर येतात, आणि सांगायची खरी वाईट बातमी बहुतेक वेळा मशीनबद्दल नसतेच. 'ओरिजिनल डायल' वाचून पैसे मोजलेले असतात, आणि डायल कुणीतरी रंगवलेली असते. हा बिघाड टाळायची वेळ एकच, पैसे देण्याआधीची.

रंगवण्याची रीत अशी. जुना रंग रसायनानं किंवा घासून उतरवतात, पितळी पत्र्यावर नवा रंग फवारतात, मग ब्रँडचं नाव, आकडे आणि रेघा नव्यानं छापतात. यात मुळात लबाडी नाही. एके काळी सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळाची डागाळलेली डायल नवी करून देणं हे काच बदलण्याइतकंच साधं काम होतं, आणि गिऱ्हाईकही खूश व्हायचं. लबाडी सुरू होते ती तीच डायल 'मूळ' म्हणून विकताना. या दोन्हींच्या मधे एक तिसरा प्रकार आहे: सर्व्हिस डायल. ती त्याच कंपनीनं नंतरच्या काळात बनवलेली, बदली म्हणून बसवलेली असते. ती खोटी नसते, पण त्या घड्याळाबरोबर जन्मलेलीही नसते. संग्रह करणाऱ्यासाठी तिन्हींची किंमत वेगवेगळी.

लक्षणं

फोटो बघताक्षणी यातलं काय काय दिसतंय ते बघा.

- केसच्या (घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या) कडा झिजून गोल झालेल्या, मागच्या झाकणावर ओरखड्यांचं जाळं, आणि डायल मात्र काल छापल्यासारखी कोरी.
- डायलचा रंग भडक, कंपनीनं त्या मॉडेलमध्ये कधीच न दिलेला. फिकट काठापासून गडद मध्यापर्यंत रंग बदलत गेलेला असेल तर जास्तच सावध.
- अक्षरं जाड, कडा पसरलेल्या; दोन शब्दांची उंची वेगळी.
- घड्याळ स्विस, पण सहाच्या खाली 'स्विस मेड' नाहीच, किंवा आहे पण केसच्या कडेनं अर्धं कापलंय.
- मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका रेषेत नाहीत.
- तारखेच्या खिडकीच्या कडेला किंवा तासांच्या खुणांच्या बुडाशी रंग साचलाय.
- काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप पिवळट-तपकिरी, डायलवरचा पांढराशुभ्र.

एका लक्षणावरून निकाल देऊ नका. केस झिजून डायल शाबूत राहिलेली घड्याळं असतात, काटे बदललेलेही असतात. पण तीन लक्षणं एकत्र दिसली तर खालच्या तपासण्यांत वेळ घालवायचीही गरज नाही. पुढचं घड्याळ बघा.

१. आधी विक्रेत्याचं दुकान चाळा

फुकटची तपासणी, आणि निम्मं काम इथंच होतं. त्याच विक्रेत्याची बाकीची घड्याळं उघडा. एकच मॉडेल निळ्या, हिरव्या, केशरी, जांभळ्या डायलमध्ये ओळीनं मांडलेलं दिसलं तर कारण उघड आहे. ओमेगा, सेको, फेव्हर-ल्यूबा, वेस्ट एंड, एचएमटी ही नावं अशा ढिगांत हमखास सापडतात. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

वेगवेगळ्या ब्रँडच्या घड्याळांवर 'ऑटोमॅटिक' किंवा '१७ ज्वेल्स' हे शब्द एकाच वळणात छापलेले दिसतात का, तेही बघा. डायल रंगवणाऱ्याकडे प्रत्येक कंपनीचा साचा नसतो. हाताशी असलेल्या चार-दोन वळणांवर तो सगळी गिऱ्हाइकं भागवतो, आणि तिथंच सापडतो.

जाहिरातीची भाषाही वाचा. 'रिफिनिश्ड', 'रिस्टोर्ड', 'रिफर्बिश्ड' असं लिहिलं असेल तर माणूस खरं बोलतोय, हवं असेल तर तसं समजून घ्या. 'मिंट कंडिशन, सुंदर डायल' असं लिहून मूळ की नाही यावर मौन असेल, तर सरळ विचारा: डायल पुन्हा छापलेली आहे का? उत्तर लेखी, त्याच साइटच्या मेसेजमध्ये घ्या. वाद झाला तर फोनवरचं बोलणं उपयोगाचं नसतं. 'मला त्यातलं कळत नाही, आजोबांचं घड्याळ आहे' हे उत्तर आलं आणि त्याच्याकडे विकायला आणखी पन्नास घड्याळं असली, तर आजोबा हौशी होते असं समजायचं आणि निघायचं.

२. फोटो मागा, आणि नेमके मागा

'अजून फोटो पाठवा' म्हटलं की पट्ट्याचा फोटो येतो. त्यामुळे यादी द्या: डायलचा अगदी समोरून, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, सहाच्या खालच्या काठाचा जवळून, नावाच्या छपाईचा जवळून, एक तिरका, म्हणजे पृष्ठभागाचा पोत दिसेल, आणि मागचं झाकण उघडून मशीनचा.

जुन्या घड्याळांवर बहुतेक ॲक्रिलिकची फुगीर काच असते. ती काठाजवळची अक्षरं ताणते, आणि ओरखड्यांनी सगळंच धूसर करते. तिरक्या फोटोत वाकडी वाटणारी रेघ प्रत्यक्षात सरळ असू शकते. म्हणून समोरून काढलेला फोटो मिळेपर्यंत कुणावर आरोप करू नका. उलट, खूप लांबून किंवा मुद्दाम मऊ केलेल्या फोटोवर विश्वासही ठेवू नका. मागितलेला एकही फोटो न देणाऱ्या विक्रेत्याकडून महाग घड्याळ घेऊ नये, असं माझं मत आहे, आणि त्याला मी अपवाद करत नाही.

३. छपाई

खरी मजा इथं आहे. कारखान्यात डायलवर छपाई होते ती पॅडनं. धातूच्या पाटीवर अक्षरं कोरलेली असतात. खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, मऊ गादीनं खाचांतली शाई उचलायची आणि डायलवर दाबायची. पाटी त्याच डायलसाठी कोरलेली असल्यानं अक्षराची कड धारदार येते, टोकांचे बारीक पाय स्पष्ट दिसतात, आणि शाई पृष्ठभागावर किंचित उठून बसते. रंगवणाऱ्याकडे ती पाटी नसते. तो मूळ अक्षराच्या आसपासचं काहीतरी छापतो.

फोटो मोठा करा आणि एकाच शब्दात दोनदा येणारं अक्षर शोधा. इंग्रजी 'ऑटोमॅटिक'मध्ये 'ए' आणि 'टी' दोन-दोनदा येतात. दोन्ही 'ए'ची आडवी रेघ एकाच उंचीवर आहे का? दोन्ही 'टी' सारख्याच रुंद आहेत का? मग शब्दाचा मध्य बघा: बाराची खूण, मधलं भोक आणि सहाची खूण यांतून काल्पनिक रेघ ओढली तर नाव तिच्या दोन्ही बाजूंना सारखं पडायला हवं. डायलवर बारीक उभी-आडवी फुली छापलेली असेल तर ती बरोबर भोकाच्या मधून जायला हवी. रंगवलेल्या डायलवर ही फुली हमखास चुकते, कारण आधीच बसवलेल्या खुणांशी नवी छपाई जुळवणं अवघड असतं.

एचएमटीच्या 'जनता'सारख्या देवनागरी नावाच्या डायलवर आपल्याला एक जास्तीची सोय आहे. शिरोरेषा बघा. ती मधेच तुटलेली, जाड-बारीक होत गेलेली किंवा काना सोडून पुढे पळालेली असेल तर छापणाऱ्याला लिपी येत नव्हती, किंवा त्यानं घाई केली. परदेशातल्या खरेदीदाराला हे दिसत नाही, आपल्याला लगेच खटकतं.

जुन्या काळ्या चकचकीत डायलवर सोनेरी अक्षरं असतील, जशी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक रोलेक्सवर असतात, तर नियम उलटा होतो. त्या मूळ डायलवर सोनेरी शाई वरून छापलेली नसते. काळ्या थरातली अक्षरांची जागा मोकळी सोडलेली असते आणि खालचं पितळ तिथून दिसतं. म्हणजे सोनेरी अक्षर खोलात असायला हवं. ते वर उठलेलं दिसलं तर ती डायल नंतरची.

एक सबुरी मात्र ठेवा. स्वस्त घड्याळांची कारखान्यातली छपाईही काही फार देखणी नसते. म्हणून 'छपाई वाईट' हा निकष नाही, 'त्या मॉडेलच्या इतर डायलपेक्षा वेगळी' हा निकष आहे. लिलावगृहांच्या जुन्या नोंदी, कंपनीचे कॅटलॉग, जुन्या जाहिराती यांतून त्याच संदर्भ क्रमांकाची (कंपनीनं मॉडेलला दिलेला क्रमांक) चार-पाच घड्याळं काढा आणि शेजारी ठेवून बघा. शोधून शोधून तशी डायल जगात एकाच ठिकाणी सापडत असेल, म्हणजे या विक्रेत्याकडे, तर ती 'दुर्मिळ' आहे असं तो म्हणेल. म्हणू दे.

४. सहाच्या खालची ओळ

चमकणारा लेप काळानुसार बदलत गेला, आणि त्याची नोंद डायलच्या तळाशी राहिली. १९६० च्या दशकापर्यंत रेडियम वापरात होतं. त्याच दशकात ट्रिटियमनं त्याची जागा घेतली, आणि मग 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर, किंवा 'टी<२५' अशी नोंद येऊ लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ट्रिटियम मागे पडलं आणि किरणोत्सर्ग नसलेले लेप आले. १९७० च्या दशकातल्या काही डायलवर ग्रीक सिग्मा चिन्ह दिसतं. ते खुणा सोन्याच्या असल्याचं सांगतं.

आता ही नोंद घड्याळाच्या वयाशी ताडून बघा. ओमेगाच्या मशीनवरचा अनुक्रमांक १ कोटीच्या आसपास असेल तर साल साधारण १९४४, दीड कोटीच्या आसपास असेल तर १९५० च्या दशकाचा मध्य, २ कोटीच्या आसपास असेल तर १९६० च्या दशकाची सुरुवात. १ कोटी २० लाखांच्या आतबाहेरचं, म्हणजे १९५० च्या सुमाराचं मशीन आणि डायलवर 'टी', हे जुळत नाही. डायल रंगवलेली तरी आहे, सर्व्हिस डायल तरी आहे, नाहीतर मशीन दुसऱ्या घड्याळाचं आहे. तिन्हींत 'सगळं मूळ' हा दावा पडतो. तसंच, तळाला 'टी' छापलंय पण डायलवर लेपाचा एक ठिपकाही नाही आणि काटेही साधे, असंही दिसतं. छापणाऱ्यानं समोर ठेवलेल्या नमुन्यातून सगळं उतरवलं, अर्थ न कळता.

सेकोत हे काम आणखी सोपं आहे. डायलच्या तळाशी, सहाच्या दोन्ही बाजूंना, बारीक अक्षरांत डायलचा सांकेतिक क्रमांक असतो, उदाहरणार्थ '६१३९-६००९टी'. पहिले चार अंक मशीनच्या क्रमांकाशी जुळायला हवेत. नवशिके इथं एक गफलत करतात: मागच्या झाकणावर ६१३९-६००२ आणि डायलवर ६००९ बघून डायल खोटी ठरवतात. शेवटचे चार अंक केसशी जुळायची गरज नसते, डायलचे क्रमांक वेगळे चालतात. रंगवलेल्या सेकोत ही ओळ बहुधा नसतेच, किंवा असते ती वाचता येत नाही अशी. झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा म्हणजे महिना, हेही लक्षात ठेवा. १९७० च्या आसपास सेकोनं डायलवरचं 'प्रूफ' काढून 'रेझिस्ट' लिहायला सुरुवात केली. अनुक्रमांक १९७५ सांगतोय आणि डायल 'वॉटर ७० मीटर प्रूफ' म्हणतेय, तर दोघांपैकी एक मूळचं नाही.

५. पोत आणि कडा

सूर्यकिरणांसारखी घासणी, विणकामासारखे चौकोन, क्रोनोग्राफच्या (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाच्या) छोट्या तबकड्यांतली एकात एक बारीक वर्तुळं, हे सगळं धातूतच केलेलं काम असतं. त्यावर रंगाचा जादा थर बसला की खाचा बुजतात. तिरक्या फोटोत छोटी तबकडी सपाट, मेणचट दिसली तर वर रंग आहे. ज्या मॉडेलवर कंपनीचं चिन्ह धातूचं, वर बसवलेलं असतं तिथं ते छापलेलं दिसलं, तर मूळ चिन्ह काढताना हरवलं किंवा तुटलं.

६. खरं म्हातारपण

वापरलेल्या डायलवर डाग असणारच, आणि ते बहुधा काठाकडून आत येतात, कारण ओल केसच्या फटीतून शिरते. वार्निशला बारीक तडे जातात. रेडियमचे काटे कित्येक वर्षं एकाच जागी थांबलेले असतील तर खाली डायलवर काट्याच्या आकाराची करपट सावली उमटते. मला असं दिसलं की हायसं वाटतं. अशी सावली असलेली डायल कुणी रंगवलेली असण्याची शक्यता फार कमी.

तपकिरी पडलेल्या काळ्या डायलना 'ट्रॉपिकल' म्हणून जास्त भाव मिळतो, त्यामुळे म्हातारपणही मुद्दाम आणतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक तपकिरी डायलचं स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं, आणि २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं असल्याचं उघड झालं. तिथं मोठमोठे जाणकार फसले. तेव्हा 'किती सुंदर जुनं झालंय' असं मनात आलं की आधी ३ आणि ४ पुन्हा तपासा.

७. हातात आल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत, पाकीट उघडल्या दिवशीच हे करा. दहापट भिंग पुरतं. रंगात अडकलेली धूळ, ब्रशचा केस, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग, तारखेच्या खिडकीच्या आतल्या कडेवर उतरलेला रंग, तासाच्या खुणेच्या बुडाशी रंगाची कड: फोटोत लपलेलं सगळं इथं दिसतं.

स्वस्तातली अतिनील टॉर्च असेल तर अंधारात काटे आणि डायल यांच्यावर मारा. जुनं ट्रिटियम उजळतं आणि टॉर्च बंद करताच लगेच मावळतं. रेडियमचा लेप बहुतेक वेळा जळून गेलेला असतो, फारसा उजळत नाही. मिनिटन् मिनिटं तेवत राहिला तर लेप आधुनिक आहे. काटे आणि डायल वेगळे वागले तर दोघांपैकी एकावर नंतर काम झालंय. कुणावर, ते छपाई सांगेल.

८. इथं थांबा

झाकण उघडून डायल बाहेर काढायचा मोह होईल. काढू नका. काटे ओढताना डायलवर पडलेला ओरखडा हा नवा बिघाड असतो, आणि घड्याळ उघडल्यावर विक्रेता परतही घेणार नाही. कापूस, थुंकी, टूथपेस्ट, काच पुसायचं पाणी, यांतलं काहीही डायलला लावू नका. जुनी छपाई नुसत्या ओल्या कापसानंही उठून येते.

लेप रेडियमचा असल्याची शंका असेल तर घड्याळ घरी उघडायचंच नाही. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. चमक विझली ती लेपातलं दुसरं रसायन जळाल्यामुळे, किरणोत्सर्ग जागेवरच आहे. सुटलेली भुकटी श्वासातून आत जाणं हा खरा धोका. अशी घड्याळं हाताळण्याची सवय असलेल्या घड्याळजीलाच सांगा, आणि देताना रेडियमची शंका आहे हे आधी बोला.

किंमत इतकी असेल की फसलात तर झोप उडेल, तर खरेदीआधीच त्या ब्रँडच्या जाणकाराला पैसे देऊन मत घ्या. काही कंपन्या अनुक्रमांकावरून जुन्या नोंदींचा उतारा देतात. त्यात मशीन आणि तारीख कळते, पण डायलबद्दल बहुधा काही नसतं, तेव्हा तो उतारा म्हणजे डायलचं प्रमाणपत्र नव्हे.

घड्याळजीनं डायल उतरवलीच, तर त्याला चार गोष्टी बघायला आणि फोटो काढायला सांगा. डायलच्या काठावर केसखाली झाकली जाणारी बारीक खाच आहे का. रंगवणारे पकडीसाठी अशी खाच करतात, पण काही मूळ डायललाही ती असते, म्हणून एकटी पुरावा नाही. मागची बाजू घासलेली आहे का. मागं फवाऱ्याचे ठिपके किंवा हातानं ओरखडून लिहिलेले आकडे आहेत का. आणि डायलचे पाय (मागचे बारीक खुंट, ज्यांवर ती मशीनला बसते) मूळचे आहेत, की तुटल्यावर डाक देऊन वा चिकटवून बसवलेत. विक्रेत्याशी किंवा साइटशी वाद घालताना हे फोटो, जाहिरातीतला मूळ फोटो आणि त्याचं लेखी उत्तर, एवढं एकाच मेसेजमध्ये जोडा. लांबलचक तक्रार कुणी वाचत नाही, शेजारी-शेजारी ठेवलेले दोन फोटो मात्र बघतात.

आणि घड्याळ ठेवूनच घ्यायचं ठरवलं, तर ती डायल पुन्हा रंगवायला देऊ नका. त्याच क्रमांकाची मूळ डायल सुटी मिळते का, यावर लक्ष ठेवा, आणि मिळाली तर तिच्यावर याच तपासण्या लावा. सुट्या डायलही रंगवून विकतात.